कोणावर गेली ही?

पत्र थोडक्यात

नाशिकच्या एका आईचं हे पत्र. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

"मुलगी १४ वर्षांची, नववीत. लहानपणी तिचे केस सरळ, मऊ, काळेभोर होते. सातवीत गेली तेव्हापासून मुळाकडून कुरळे यायला लागले. आता पाठीच्या मध्यापर्यंत आहेत, पण वरून कुरळे, खालून सरळ आणि शेंडे तांबूस. दोन वेण्या घातल्या तरी बाजूने पिंजारतात. माझे आणि मिस्टरांचे केस सरळ आहेत. सासूबाई येता-जाता म्हणतात, 'आमच्या घरात कुणाचे असे केस नाहीत, कोणावर गेली ही?' ते मला फार लागतं. गेल्या महिन्यात भांगात तीन-चार पांढरे केसही दिसले. सासूबाई म्हणतात तेल लावत नाही म्हणून. शेजारच्या काकू सोसायटीच्या बोअरच्या पाण्याला दोष देतात. जाऊबाई म्हणतात, प्रोटीन कमी पडतंय. डिसेंबरात पुतण्याचं लग्न आहे, त्याआधी कॉलेज रोडला पार्लरमध्ये केरॅटिन (केस सरळ करायची ट्रीटमेंट) करून घे, एकदाचे नीट होतील, असा जाऊबाईंचा आग्रह आहे. मिस्टर म्हणतात, केमिकल नको. शाळेत मुलं तिला 'नूडल्स' म्हणतात आणि ती आरशासमोर रडते. माझं कुठे चुकलं, आणि आता काय करू?"

उत्तर

ताई,

तुमचं मूळ पत्र चार पानी आहे आणि त्यात 'नीट' हा शब्द सारखा येतो. केस नीट दिसत नाहीत, मी नीट लक्ष दिलं नाही, पार्लरमध्ये नीट होतील. नीट करायचं म्हणजे आधी काहीतरी बिघडलेलं असायला हवं. तुमच्या लेकीच्या डोक्यावर काय बिघडलंय ते मी पत्रात पुन्हा पुन्हा शोधलं. ते तीन-चार पांढरे केस सोडले तर मला काही सापडलं नाही. त्यांच्याबद्दल पुढे बोलते. आधी या कुरळ्या केसांचं बघू.

डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. पाठीच्या मध्यापर्यंत म्हणजे चाळीसेक सेंटिमीटर धरू. मग शेंड्याचा भाग तीन वर्षांहून जुना झाला. मुलगी सहावीत जात होती तेव्हा तो डोक्यातून बाहेर आला, आणि तेव्हा तिचे केस सरळच होते. सातवीपासून मुळाचं वळण बदललं. त्यानंतर उगवलेले वरचे पंचवीसेक सेंटिमीटर कुरळे आहेत. म्हणजे एकाच केसावर दोन वयं आहेत. वरून कुरळे आणि खालून सरळ हे जे तुम्हाला विचित्र वाटतंय, ते एवढंच आहे. वेणी पिंजारते तीही त्यामुळेच, कारण दोन वेगळ्या स्वभावांचे धागे एका पेडात बसत नाहीत. शाम्पूने किंवा पाण्याने वळण आलं असतं तर ते शेंड्यांवर आधी दिसलं असतं, कारण सगळ्यात जास्त धुणी शेंड्यांनी सोसली आहेत. तुमच्या लेकीचे शेंडे सरळ आहेत आणि मुळं कुरळी. म्हणजे हा बदल आतून आला आहे.

आत काय होतं? केस कातडीखालच्या एका बारीक खोबणीत तयार होतो, तिला रोमकूप म्हणतात. कधी कंगव्यात मुळासकट केस आला तर टोकाला पांढरट कांदा दिसतो, तो तिथलाच. या खोबणीच्या तळाशी पेशी तयार होतात, वर सरकतात, केरॅटिन नावाच्या प्रथिनाने भरतात, टणक होतात आणि मरतात. बाहेर येतो तो केस मेलेला असतो, म्हणून कापताना दुखत नाही. सरळ केसाची खोबणी सरळ आणि तिचा तळ चहूबाजूंनी सारखा असतो. कुरळ्या केसाची खोबणी वाकलेली आणि तळ एका अंगाला झुकलेला. तिथे केसाच्या एका बाजूच्या पेशी आधी टणक होतात, दुसऱ्या बाजूच्या नंतर. उन्हाळ्यात गच्चीवर पापड घालता ना? वरची बाजू आधी वाळली की पापड वर वळतो, आणि तो वळला म्हणून आपण पीठ वाईट म्हणत नाही. केसाचंही तसंच. दोन बाजू सारख्या वेळी वाळल्या नाहीत, म्हणून तो वळला. त्यात कुरळा केस आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर गोल नसतो, चपटा लंबगोल असतो. सोऱ्याची चकती बदलली की त्याच पिठाची वेगळी शेव पडते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

हे वळण वयात येताना बदलू शकतं. या वयात वाढणारी संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स, रोमकुपांवर काम करतात. काखेत जाड केस येतात, मुलग्यांना मिसरूड फुटतं, ते त्यांच्याचमुळे. डोक्यावरचे रोमकूपही त्यातून सुटत नाहीत. कुणाचे सरळ केस कुरळे होतात, कुणाचे कुरळे सैल पडतात, आणि बाळंतपणानंतर पुन्हा वेगळेच होणाऱ्या बायका मला माहीत आहेत. तुमच्या मुलीला पाळी सुरू होण्याच्या सुमारासच हे झालं असेल, तर तारखा ताडून पाहा.

आता सासूबाईंचं वाक्य. तुम्हाला ते इतकं का लागतं हे मला कळतं. 'कोणावर गेली' या शब्दांत एक नको तो अर्थही लपलेला असतो. बोलणाऱ्याच्या मनात तो असो-नसो, ऐकणाऱ्या सुनेला तो टोचतोच. म्हणून स्पष्ट लिहिते: सरळ केसांच्या आईबापांना कुरळ्या केसांचं मूल होणं ही अगदी साधी, नेहमीची गोष्ट आहे.

मी तीस वर्षं कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं. पहिली काही वर्षं मीसुद्धा फळ्यावर तो सोपा तक्ता काढायचे: कुरळे केस प्रभावी, सरळ केस अप्रभावी, एका जनुकाचा खेळ. त्या हिशेबाने दोन सरळ केसांच्या आईबापांना कुरळं मूल होऊच शकत नाही. एकदा मागच्या बाकावरून एक मुलगी उभी राहिली. तिचे केस दाट कुरळे होते. म्हणाली, "मॅडम, माझ्या आई-बाबांचे सरळ आहेत, मग मी?" मी म्हटलं, "असतात अपवाद," आणि पुढे शिकवायला लागले. ती खाली बसली. तो चेहरा मला अजून आठवतो. ती अपवाद नव्हती. माझा तक्ता चुकीचा होता, आणि मी तो तिच्या घरावर लादला.

खरी गोष्ट अशी की केसांचं वळण अनेक जनुकं मिळून ठरवतात. ऑस्ट्रेलियात जुळ्या भावंडांचा अभ्यास झाला. त्यात कुरळेपणातला ८५ ते ९५ टक्के फरक आनुवंशिक निघाला. त्याच गटाच्या २००९ च्या संशोधनात युरोपीय वंशाच्या लोकांत ट्रायकोहायलिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकाचा केसांच्या वळणाशी संबंध दिसला. चीन, जपानकडच्या लोकांचे जाड सरळ केस ठरवण्यात दुसऱ्याच एका जनुकाचा मोठा हात आहे. म्हणजे एक जनुक, एक उत्तर असं नाहीच. आईकडून थोडं, वडिलांकडून थोडं, आणि जे दोघांमध्ये दिसलं नाही ते लेकीत जुळून येतं. तुमच्या माहेरी द्राक्षबाग आहे असं लिहिलंय, तर वडिलांनाच विचारा, द्राक्षाची बी लावून बाग का धरत नाहीत? कारण बीतून येणारा वेल आईसारखा येईल याची खात्री नसते. तसाच वेल हवा असेल तर डॉगरिजसारख्या दुसऱ्या वेलाच्या खुंटावर त्या जातीची काडी भरावी लागते. माणसांचं कलम होत नाही, ताई. आपण सगळे बीपासून उगवलेले आहोत.

आणि 'आमच्या घरात कुणाचेच नाहीत' हे वाक्य तरी कुणी तपासलंय? सासूबाईंचे केस तेलाशिवाय, न विंचरता वाळलेले तुम्ही कधी पाहिलेत का? ज्या बाईने वयाच्या बाराव्या वर्षापासून चापून तेल लावून अंबाडा घातला, तिच्या केसांचं वळण तिला स्वतःलाही माहीत नसतं. तुमच्या मिस्टरांचे केस दीड इंचावर गेले की ते कटिंगला जातात. सैल वळण दिसायला लांबी लागते, दीड इंचात ते दिसतच नाही. एका रविवारी घरातल्या सगळ्यांनी करून पाहा. केस धुवायचे, तेल नाही, पंच्याने खसाखसा पुसायचं नाही, नुसतं दाबून पाणी काढायचं आणि पूर्ण वाळेपर्यंत कंगवा लावायचा नाही. मग खिडकीच्या उजेडात बघा. तुमच्याच कानामागची बट वळलेली निघाली तर मला नवल वाटणार नाही. सासूबाईंना हे करायला तुम्ही सांगू नका, तुमच्या मिस्टरांना सांगू द्या. आईच्या बोलण्याला उत्तर देणं हे त्यांचं काम आहे. त्यांनी जुना अल्बम काढून आजी-पणजीबद्दल विचारलं, तर सासूबाईंना बोलायला विषयही मिळेल, आणि कदाचित तिथूनच कुणीतरी कुरळ्या केसांची निघेल.

रंगाचं आता. केसाला रंग देणाऱ्या पेशी मुळाच्या कांद्यात बसलेल्या असतात. त्या मेलॅनिन तयार करून वाढत्या केसात भरतात. मेलॅनिनचे दोन प्रकार. एक काळा-तपकिरी, दुसरा लालसर-पिवळा. आपल्याकडे पहिला भरपूर असतो म्हणून केस काळे. शेंडे तांबूस झाले, कारण ते तीन वर्षं उन्हात फिरले. ऊन मेलॅनिन मोडतं, आणि वरचे खवले झिजले की केस रुक्षही दिसतो. सायकलवर शाळेत जाणाऱ्या कुठल्याही मुलीचे शेंडे बघा. (खूपच कुपोषित मुलांचे केस मुळापासून फिके, विरळ होतात. तुमच्या वर्णनात तसं काही नाही.)

पांढरे केस मात्र तपासायला हवेत. घाबरून जाऊ नका, पण टाळूही नका. आपल्या आशियाई लोकांत पंचविशीच्या आत केस पिकले तर त्याला अकाली पिकणं म्हणतात. पुष्कळदा ते घराण्यातून आलेलं असतं. तुमचे किंवा मिस्टरांचे केस कधी पिकायला लागले ते आठवा. पण बी-१२ कमी असणं आणि थायरॉइडचा त्रास हीही कारणं असतात, आणि ती सापडली तर उपाय आहे. तुमचं घर शाकाहारी आहे, दूध-दही मुलीला आवडत नाही असं लिहिलंय, तर बी-१२ ची शंका मला नक्की येते. फॅमिली डॉक्टरांना विचारून बी-१२, हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड एकदाच तपासून घ्या. जाऊबाईंनी केसांसाठी म्हणून बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू केल्या असतील तर डॉक्टरांना ते आधी सांगा. बायोटिनमुळे थायरॉइडसारख्या काही तपासण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात. पांढऱ्या केसांखालची कातडीही पांढरी दिसत असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

तो पांढरा केस उपटू नका. एक उपटला की चार येतात हे खरं नाही. एक केस उपटल्याने शेजारच्या केसाचा रंग बदलत नाही. पण वारंवार उपटून तो रोमकूप दुखावतो. आणि बाहेर आलेला काळा केस नंतर पांढरा होत नाही, कारण तो मेलेला आहे. रंग थांबतो तो मुळाशी. म्हणून एका रात्रीत केस पांढरे झाल्याच्या गोष्टींवर विश्वास ठेवू नका. अभ्यासाच्या टेन्शनबद्दल तुम्ही विचारलंय. हार्वर्डमध्ये २०२० साली उंदरांवर झालेल्या प्रयोगांत तीव्र ताणामुळे रंगपेशींचा मूळ साठा संपतो असं दिसलं. कोलंबिया विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात माणसांचे काही केस ताण ओसरल्यावर पुन्हा रंगीत उगवल्याचंही आढळलं, पण अगदी थोडे. त्यामुळे मुलीला 'टेन्शन घेऊ नकोस, केस पिकतील' असं म्हणून नवं टेन्शन देऊ नका. आणि चौदाव्या वर्षी डाय तर नकोच. काळ्या डायमधल्या पीपीडी नावाच्या रसायनाची ॲलर्जी एकदा झाली की बहुधा जन्मभर राहते. 'काळी मेंदी' म्हणून विकतात त्यातही तेच घातलेलं असू शकतं. निखळ मेंदी काळा रंग देत नाही, नारिंगी-तांबडा देते.

बाकी घरच्यांच्या शंकांचं उत्तर थोडक्यात देते. तेलाने वळण येत नाही की जात नाही. खोबरेल तेल केसाच्या गाभ्यात शिरतं आणि धुताना जाणारं प्रथिन वाचवतं, असं २००३ च्या एका भारतीय अभ्यासात दिसलं. तो तेल विकणाऱ्या कंपनीच्याच प्रयोगशाळेतला असला तरी पद्धत चांगली आहे. तेव्हा धुण्याआधी तेल लावायला माझी ना नाही. बोअरच्या जड पाण्याने क्षार बसून केस खरखरीत लागतात, वळण मात्र येत नाही. शेवटचा तांब्या नळाच्या पाण्याचा घ्या, पुरे. प्रोटीन खाल्ल्याने नवे केस दमदार उगवतात, उगवलेल्या केसाला ते पोचत नाही. रोज ५० ते १०० केस गळणं साधं आहे. कुरळ्या केसांत ते अडकून राहतात आणि न्हाणीच्या दिवशी मूठभर एकदम निघतात, म्हणून भीती वाटते.

आता केरॅटिन. इथे मी थोडी जास्त वेळ थांबते, कारण हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो.

केस पाण्यात भिजले की वळण सैल पडतं, वाळले की परत येतं. केसातल्या प्रथिनाच्या साखळ्या दोन प्रकारच्या बंधांनी एकमेकींना धरून असतात. कमकुवत बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात. म्हणून पावसाळ्यात हवेतल्या दमटपणाने तुमच्या लेकीचे केस फुलतात आणि डिसेंबरात निफाडचा पारा एक आकडी झाला की कोरडे पडतात. दुसरे बंध गंधकाचे, पक्के. केस जळला की जो वास येतो त्यात हे गंधक असतं. पाण्याने ते सुटत नाहीत. रिबाँडिंग आणि स्मूदनिंगमध्ये रसायनाने हे गंधकाचे बंध तोडतात, इस्त्रीने केस सरळ करतात आणि दुसऱ्या रसायनाने त्याच स्थितीत पुन्हा जोडतात. केरॅटिन ट्रीटमेंट वेगळी. तिचं नाव ऐकून वाटतं की केसांना खुराक मिळतोय. केस मेलेला आहे, त्याला खुराक देता येत नाही. बहुतेक प्रकारांत केस सरळ राहतो तो प्रथिनांना घट्ट बांधणाऱ्या रसायनाने आणि दोनशे अंशांच्या आसपासच्या इस्त्रीने. हे रसायन पुष्कळदा फॉर्मल्डिहाइड असतं किंवा तापवल्यावर ते सोडणारं दुसरं काहीतरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मल्डिहाइड २००४ सालीच माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांमध्ये धरलं. बाटलीवर 'फॉर्मल्डिहाइड-फ्री' लिहिलेलं असलं तरी आत मिथिलीन ग्लायकॉल, म्हणजे पाण्यात मिसळलेलं फॉर्मल्डिहाइडच, असेल तर अर्थ तोच. काही उत्पादनांत त्याऐवजी ग्लायोक्सिलिक ॲसिड आलं. २०२४ मध्ये एका नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात २६ वर्षांच्या एका तरुणीची हकीकत आली. केस सरळ करून घेतल्यावर २०२०, २०२१ आणि २०२२ अशी तीनदा तिची मूत्रपिंडं बिघडली होती. त्या क्रीममध्ये हेच ॲसिड होतं. २०२२ साली अमेरिकेत ३३,४९७ बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षात चारपेक्षा जास्त वेळा केमिकलने केस सरळ करणाऱ्यांत गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण दुपटीहून जास्त दिसलं. एकदा केरॅटिन केल्याने कर्करोग होतो असा त्याचा अर्थ नाही, पण चौदाव्या वर्षी ही सवय लावायचं कारणही मला दिसत नाही.

माझी भाची अशा ट्रीटमेंटला बसली होती तेव्हा मी सोबत होते. इस्त्री फिरायला लागली आणि धुराने तिचे डोळे चुरचुरायला लागले, माझेही. काम करणारी मुलगी तोंडाला ओढणी बांधून दिवसभर त्याच खोलीत उभी होती. खिडकी बंद, कारण एसी चालू. त्या मुलीची मला आजही काळजी वाटते.

आणि समजा हे सगळं बाजूला ठेवलं, तरी साधा हिशेब पाहा. मुळाची खोबणी वाकलेलीच राहणार. महिन्याला एक सेंटिमीटर नवा कुरळा केस येणार. डिसेंबरात केलं तर जूनमध्ये शाळा उघडताना सहा सेंटिमीटर कुरळे आणि खाली सरळ. म्हणजे ज्या रूपाने ती आज रडते, तेच पुन्हा. मग परत पार्लर.

म्हणून मिस्टरांचं 'नको' मला पटतं. पण नुसतं 'केमिकल नको' म्हणून ते उठून गेले तर मुलीच्या वाट्याला काय आलं? रडणं तसंच राहिलं. तुमच्या चार पानांत सासूबाई काय म्हणतात, जाऊबाई काय म्हणतात, काकू काय म्हणतात ते सगळं आहे. मुलगी काय म्हणते ते एकाच ओळीत आहे: आरशासमोर रडते. तिला सरळ केस हवेत, का लोकांनी बोलायचं थांबायला हवंय? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिला एकटीला घेऊन बसा. वर लिहिलेलं पापडाचं आणि दोन वयांचं तिला सांगा, नववीच्या मुलीला ते सहज कळेल. २०२३ मध्ये टीना लासिसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तापवलेल्या पुतळ्याला माणसाच्या केसांचे सरळ आणि कुरळे टोप घालून पाहिले, त्यात घट्ट कुरळ्या केसांनी डोकं उन्हापासून सगळ्यात चांगलं वाचवलं, हेही सांगा. 'नूडल्स' म्हणणाऱ्या मुलाला तोंडावर सांगण्यासारखं आहे. मग तिला विचारा, आणि ती बोलत असताना मध्ये बोलू नका.

ती म्हणाली की मला लग्नात एक दिवस सरळ केस हवेत, तर तेही चूक नाही. त्यासाठी केरॅटिनची गरज नाही. धुवून, पूर्ण वाळवून, उष्णतेपासून वाचवणारं सिरम लावून मंद आचेवर एकदा इस्त्री. ओल्या केसावर इस्त्री कधीच नको, आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात फुगे येतात आणि तो तिथेच तुटतो. ही सरळाई पुढच्या न्हाणीला जाते, कारण सुटले ते पाण्याचे बंध, गंधकाचे नाही. अठरा वर्षांची झाल्यावर तिने कायमचं काही करायचं ठरवलं तर ते तिचं डोकं आणि तिचा निर्णय. तोपर्यंत बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायला तिला शिकवून ठेवा.

आणि ती म्हणाली की कुरळेच चालतील, पण पिंजारलेले नकोत, तर काम आणखी सोपं. आधी शेंड्यांचं बघा. दर दोन महिन्यांनी चार-पाच सेंटिमीटर कापत गेलात तर सहा-आठ महिन्यांत जुना सरळ भाग निघून जाईल आणि एकाच स्वभावाचे केस राहतील. कापल्याने ते दाट येतील अशी आशा मात्र ठेवू नका. जावळ काढल्यावर केस दाट येतात असं आपण मानतो, पण वेलाची छाटणी वेगळी. काडीवर जिवंत डोळे असतात, म्हणून तिला फुटवे येतात. केसावर असा डोळाच नसतो. धुणं आठवड्यातून एक-दोनदा. कुरळ्या केसावरून मुळाचं तेल शेंड्यापर्यंत उतरत नाही, म्हणून कंडिशनर शेंड्यांना भरपूर, मुळांना नाही. कंडिशनर लावलेले असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने शेंड्याकडून वर सोडवत जायचं. मग जुन्या सुती साडीच्या तुकड्याने दाबून पाणी टिपायचं आणि तसेच वाळू द्यायचे. वाळल्यावर विंचरायचं नाही, तुम्ही आजवर नेमकं वाळल्यावरच विंचरत आलात असं पत्रावरून दिसतं. पहिले तीन-चार आठवडे तिला ते अवघड जाईल. सोबत बसा.

शाळेच्या दोन वेण्यांबद्दल वर्गशिक्षिकेशी बोला. वेण्या असू देत, पण कपाळावरची कातडी ताणली जाईल इतक्या घट्ट नकोत. रोज तशा ओढल्या तर कपाळाकडचे केस कायमचे विरळ होऊ शकतात. 'नूडल्स'बद्दलही त्यांच्या कानावर घाला, मुलीला विचारून.

लग्नाला अजून वेळ आहे. तिला हवा असेल तर कुरळ्या केसांचा सैल अंबाडा आणि त्यावर गजरा फार सुंदर दिसतो. सरळ केसांचा अंबाडा फुगवायला पार्लरवाल्या किती पिना आणि स्प्रे घालतात ते जाऊबाईंना माहीत असेलच. रविवारी सगळ्यांचे केस धुऊन पाहाल तेव्हा काय दिसलं ते, आणि तपासणीचे रिपोर्ट आले की तेही, मला कळवा. मुलीला स्वतःला काही विचारायचं असेल तर तिने लिहावं, तिला मी वेगळं उत्तर देईन.